पूजेत बसलेला टॅबलेट

आधीच हात जोडून सांगतो. माझी शाळा आठवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, आणि शब्द तर सगळे रोजच्या वापरातले, धुऊन वाळत घातलेले. सांभाळून घ्या. हकीगत सरळ आहे, तिला जड शब्द पेलणारही नाहीत.

सूर्यकांत मोहिते हा मयूर विहार फेज वनमधल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणारा, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून असलेला, आणि बारा महिने दमलेला माणूस. सकाळी मेट्रोत उभा राहून दमायचा, ऑफिसात बसून दमायचा आणि रविवारी, आज आराम करायचाच आहे, या विचारानेच दमायचा. अशा माणसाने नवीन काही घरात आणू नये. पण त्याच्या सेक्शनला एक तरुण साहेब आले. त्यांच्याकडे टॅबलेट होता. साहेब त्याच्यावर बोट फिरवत आणि त्यांची कामं होत. निदान झाल्यासारखी दिसत. ते कधी दमलेले दिसत नसत. सूर्यकांतने दोन आणि दोन चार केले (त्याचे नेहमी पाच होत, हे तो विसरला) आणि एका शनिवारी नेहरू प्लेसहून टॅबलेट घेऊन आला.

घरात आणखी तिघंजण होती. वडील संपतराव, फौजेतले निवृत्त सुभेदार. बायको अलकनंदा. आणि धाकटी बहीण पद्मजा, कॅनॉट प्लेसला एका ट्रॅव्हल कंपनीत नोकरी करणारी.

"याने काय होतं?" संपतरावांनी विचारलं.

"आबा, याने सगळं होतं."

"सगळं करणारा काहीच करत नसतो. फौजेत असे पुष्कळ पाहिलेत."

अलकनंदाने टॅबलेट हातात घेऊन वजन पाहिलं, जसं भाजीवालीकडचा कोबी पाहावा. "रोजच्या संसारात याचा खरंच काही उपयोग आहे का अहो? मोबाइल आहे की तुमच्याकडे."

"मोबाइल छोटा असतो."

"मग आपल्या घरात टीव्ही आहे, तो मोठा आहे. मधल्या मापाचं काय अडलं होतं?"

शेवटी तिनेच तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत वापरून बघायचा. उपयोग झाला तर ठेवायचा, नाही तर त्या साहेबांच्याच गळ्यात बांधायचा.

झालं. त्या दिवसापासून सूर्यकांतच्या मागे एक नवीन काम लागलं: टॅबलेट उपयोगी आहे हे सिद्ध करणं. साहेबांना दमायला होत नसे याचं कारण आता त्याला कळलं. त्यांना कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने स्वयंपाकघरात ओट्यावर टॅबलेट उभा करून अलकनंदाला मोदकांच्या आमटीची कृती लावून दिली. कणीक तिंबेपर्यंत त्याचा पडदा काळा झाला. पिठाच्या हाताने तो उघडेना. अलकनंदाने हात धुतले, पडदा उघडला, पुन्हा पीठ घेतलं, पडदा पुन्हा काळा. चौथ्यांदा तिने टॅबलेट उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही इथेच उभे राहा. तो झोपला की उठवा." सूर्यकांत आमटी होईपर्यंत ओट्याशी उभा राहून टॅबलेटला उठवत होता. आमटी उत्तम झाली. ती अलकनंदाला आधीपासूनच येत होती.

मग त्याने बाजार करून पाहिला. सरोजिनी नगरला पडदे घ्यायचे होते. खिडकीचं माप, रंगाचा फोटो, सगळं टॅबलेटात. दुकानासमोर उभं राहून त्याने ऐटीत टॅबलेट उघडला. दुकानदाराने आधी टॅबलेट पाहिला, मग सूर्यकांतला पाहिलं, आणि भाव दुप्पट सांगितला. अलकनंदा घासाघीस करायला लागली तर तो म्हणतो, "मैडम, इतना बड़ा फोन लेके घूमते हो, गरीब से मोलभाव करते हो?" घरी येईपर्यंत ती नवऱ्याशी बोलली नाही. हा एक उपयोग म्हणता आला असता, पण सूर्यकांतने तो मोजला नाही.

तरी तो हटला नाही. उपयोग दिसत नाही, कारण आपण अर्धवट वापरतोय, असं त्याला वाटायला लागलं. म्हणून त्याने मोबाइलमधलं सिमकार्ड काढून टॅबलेटात घातलं. जुना मोबाइल कामवाल्या बाईंना देऊन टाकला. सगळे नंबर टॅबलेटात उतरवले आणि नंबरांची जुनी डायरी रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. आता पद्मजाचा स्वतःचा मोबाइल सोडला तर टॅबलेट वाजल्याशिवाय घराला जगाची खबर नव्हती. वडील खूश व्हावेत म्हणून फोन आल्यावर बिगुल वाजेल अशी सोय केली. संपतराव खूश झाले की नाही कळलं नाही, पण बिगुल वाजला की ते जिथे असतील तिथे ताठ बसायचे. एकदा न्हाणीघरातूनही "आलो!" असा आवाज आला.

अशात पद्मजाच्या लग्नाची गोष्ट निघाली.

दिल्लीतल्या मराठी मंडळाचे विठ्ठलराव यांनी स्थळ सुचवलं. मुलगा यशराज, गुडगावला कंपनीत इंजिनिअर. वडील उदयसिंह, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त, दिल्ली कॅन्टला राहतात. मुलगा-मुलगी मंडळाच्या गणपतीत एकमेकांना भेटलेली होती. फोटो गेले, पत्रिका गेल्या, आणि दसऱ्याच्या दुपारी चार वाजता मंडळी घर बघायला येणार असं ठरलं. पद्मजा तोंडाने "मला काय, तुम्ही ठरवाल ते" म्हणत होती आणि तिने दसऱ्यासाठी तीन साड्या इस्त्री करून ठेवल्या होत्या. आईच्या मागे सूर्यकांतनेच तिला वाढवलेलं. एरवी कशातच जीव नसलेल्या त्या दमलेल्या माणसाचा या एका गोष्टीत जीव अडकला होता. हे स्थळ हातचं जाऊ नये.

उदयसिंहांनी फोनवर पत्ता विचारला तेव्हा सूर्यकांत म्हणाला, "काका, पत्ता कशाला लिहून घेता? यमुना ओलांडली की मला फोन करा. माझ्याकडे नकाशा आहे. तुम्ही बोलत राहा, मी टॅबलेटवर बघत वळणं सांगत राहतो."

"वा!" उदयसिंह म्हणाले.

हा 'वा' सूर्यकांतने घरात सगळ्यांना दोनदा सांगितला.

दसऱ्याची सकाळ उजाडली. संपतरावांच्या घरात या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा. वर्षभर ज्यांनी घर चालवलं त्यांना एक दिवस पाटावर बसवायचं, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्यांना विश्रांती. (अवजारांना. माणसांना नाही.) संपतरावांनी आपली तलवार मांडली. ती पलटणीने निरोपाच्या दिवशी दिली होती आणि तिने आजवर फक्त एक केक कापला होता. अलकनंदाने विळी मांडली, मिक्सर मांडला, इस्त्री मांडली, पोळपाट-लाटणं मांडलं. तिला वर्षभरात ज्याचा ज्याचा कंटाळा आला होता ते सगळं ती भक्तिभावाने आणून ठेवत होती. पुऱ्या तिने पहाटेच लाटून तळून घेतल्या होत्या, श्रीखंड विकतचं होतं. पद्मजाने पुस्तकं ठेवली.

मग संपतरावांनी मान वर केली. "सूर्या, तुझं ते यंत्र?"

अलकनंदा विळी सोडून वळली.

"आज दसरा. आजपर्यंतची मुदत होती ना?" संपतराव म्हणाले. "अवजार असेल तर पाटावर बसव. खेळणं असेल तर उचलून माळ्यावर टाक. मधलं काही नाही."

सूर्यकांतने अलकनंदाकडे पाहिलं. ती गालात हसत होती. आमटी आठवली, पडदे आठवले. इतके दिवस कुणी एक चांगला शब्द बोललं नव्हतं, आणि आज खुद्द आबा त्याला तलवारीशेजारी जागा देत होते. त्याचा ऊर भरून आला.

"अवजार आहे आबा!" तो म्हणाला. "मांडा!"

संपतरावांनी टॅबलेट तलवारीला टेकवून उभा केला, गंध लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली. आरती झाली. सूर्यकांतने साष्टांग नमस्कार घातला. उठता उठता, अर्ध्यावर, गुडघ्यावर असतानाच त्याला आठवलं.

"आबा," तो तसाच म्हणाला. "पाहुणे त्याच्यावर फोन करणार आहेत."

"बरं."

"पूर्ण पत्ता त्यांना माहीत नाही. त्यांचा नंबर त्याच्यात आहे. विठ्ठलरावांचा नंबरही त्याच्यात आहे."

"मग?"

"मग... आत्ताच उत्तरपूजा करून टाकू या का?"

संपतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पहाऱ्यावर झोपलेल्या जवानाकडे पाहिलं असेल.

"आबा, समजा फौजेत ऐन दसऱ्याला शत्रू चालून आला असता, तर तुम्ही हत्यार उचललंच असतं ना?"

"उचललं असतं. व्याही शत्रू असतो का?"

"अजून व्याही झाले कुठे?" अलकनंदा म्हणाली. "आणि होतही नाहीत आता, असं दिसतंय. अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं, डायरी रद्दीत देऊ नका. पद्मा, तुझ्याकडे आहे का गं त्यांचा नंबर?"

"माझ्याकडे? माझ्याकडे कशाला असेल वहिनी?" पद्मजा म्हणाली आणि पुस्तकांवरची फुलं सारखी करायला लागली. ती आधीच सारखी होती.

मग सगळे वाट पाहू लागले. सूर्यकांतने सोसायटीच्या फाटकाशी दोन चकरा मारल्या. पण कुठली गाडी, काय रंगाची, काही माहीत नाही. समोरच्या मैदानात संध्याकाळच्या रावणाला दोर लावून उभं करत होते. सूर्यकांतला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

साडेचारला पाटावर बिगुल वाजला.

संपतराव ताठ बसले. झेंडूच्या माळेमागे पडदा उजळला, आणि त्यावर अक्षरं आली: उदयसिंह काका. टॅबलेट थरथरत होता, तलवार त्याच्याबरोबर किणकिणत होती.

"आबा!"

"हात लावायचा नाही."

"लांबून बोलता येत नाही का याच्याशी?" अलकनंदाने विचारलं. "सगळं होतं ना याने?"

आणि सूर्यकांतला सुचलं. (आयुष्यात त्याला फार वेळा सुचत नसे, म्हणून सुचलेलं तो वाया जाऊ देत नसे.) "आबा, फूल वाहिलेलं चालतं ना?"

संपतराव विचारात पडले. "फूल कधीही वाहता येतं."

सूर्यकांतने एक झेंडू तांब्यातल्या पाण्यात बुडवला. ओल्या फुलाने पडदा सरकतो का ते देवालाच ठाऊक, पण तो पाटाच्या मागे बसला, फूल पडद्याला टेकवलं आणि हलकेच बाजूला नेलं. सरकला! बिगुल थांबला.

"हॅलो? काका?"

काही नाही. फोन उचलायचा तर हिरव्या खुणेवरून सरकवायचं, तोडायचा तर लाल खुणेवरून. सूर्यकांत पूजेच्या मागच्या बाजूने वाकून फूल वाहत होता, त्यामुळे त्याला सगळं उलटं दिसत होतं. त्याने फोन तोडला होता.

"तोडलास?" पद्मजा ओरडली. "अरे यार दादा!"

पुन्हा बिगुल. पुन्हा संपतराव ताठ. या वेळी सूर्यकांतने घाई केली, फूल घसरलं, पुन्हा लालवरूनच गेलं. सुभेदार मेजरसाहेबांचा फोन लागोपाठ दुसऱ्यांदा तोडला गेला.

"आता ते काय समजतील?" पद्मजाचा आवाज बारीक झाला. "समजतील, या लोकांना करायचंच नाही."

तिसऱ्यांदा बिगुल वाजला तेव्हा सूर्यकांत फिरून समोर येऊन बसला, नवीन झेंडू घेतला, भरपूर भिजवला, डोळे मिटले आणि वाहिला. बिगुल थांबला. फूल हातातून सुटून पडद्यावरच बसलं, त्याखाली काही दिसेना. सगळे कान देऊन राहिले. आवाज नाही.

"गेला," सूर्यकांत म्हणाला. "हाही गेला."

आणि मग दिवसभर मनात साठलेलं संपतरावांच्या तोंडून बाहेर पडलं. "पण मी म्हणतो, इतके फोन कशाला लागतात? माणूस फौजेतला, सुभेदार मेजर! खाली उतरावं, चार लोकांना विचारावं. ज्याला मयूर विहार सापडत नाही, त्याला सीमेवर काय सापडलं असेल?"

झेंडूच्या खालून एक भारदस्त आवाज आला, "ऐकतोय बरं का, सुभेदारसाहेब."

आणि खट्. आता मात्र खरंच फोन बंद झाला.

संपतराव तसेच ताठ होते, पण ते वेगळं ताठ होतं. पद्मजाचे डोळे भरून आले. सूर्यकांतने बहिणीकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, नेहरू प्लेसला गेलो त्या शनिवारी पाय मोडला असता तर किती सोय झाली असती. संसारातल्या उपयोगाचं आता काय ते कळलं होतं. एका सपाट वस्तूने बहिणीचं लग्न मोडलं होतं.

"पद्मा," अलकनंदा शांतपणे म्हणाली, "खाली जाऊन दही घेऊन ये."

"दही कशाला आता?" सूर्यकांत म्हणाला. "श्रीखंड आहे ना."

"तुम्ही गप्प बसा. पद्मा, जा. आणि सावकाश ये, घाई नाही."

पद्मजा चपला घालून गेली. अर्ध्या तासाने दार वाजलं. ती दारात उभी होती, दह्याशिवाय, आणि तिच्यामागे तिघंजण. भरघोस मिशांचे उदयसिंह, त्यांच्या पत्नी सुनयनाबाई, आणि मिठाईचा डबा धरून यशराज.

"दादा, ही मंडळी खाली टॅक्सीतून उतरताना भेटली," पद्मजा म्हणाली.

"काय योगायोग!" सूर्यकांत मनापासून म्हणाला. अलकनंदाने कपाळाला हात लावला.

उदयसिंह आत आले. बसले नाहीत. संपतरावांसमोर उभे राहिले. "सुभेदारसाहेब, मयूर विहारला तीन फेज आहेत. वर एक एक्स्टेंशन आहे. प्रत्येकात पॉकेट वन नावाचा भाग आहे. सीमा एकच असते."

संपतराव उठून उभे राहिले. सूर्यकांतने वडिलांना आजवर कुणापुढे मान तुकवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तुकवली. "बोलायला नको होतं. चुकलो. माझ्या जिभेसाठी पोरीला दोष देऊ नका."

"ते राहू दे. पण फोन दोनदा तोडला कुणी?"

"मी," सूर्यकांत म्हणाला. "म्हणजे, मी फूल वाहत होतो."

"कुणाला?" सुनयनाबाईंनी विचारलं.

"टॅबलेटला."

यशराजने मिठाईचा डबा तोंडासमोर धरला. डबा हलत होता. सुनयनाबाई पाटापाशी गेल्या. तलवार, विळी, मिक्सर, इस्त्री, आणि मधोमध झेंडूंत बुडालेला, गंध लावलेला टॅबलेट. त्यांनी नकळत हात जोडले, मग आपण कशाला हात जोडतोय ते कळून खाली घेतले.

"उत्तरपूजेआधी हलवत नाही आम्ही," संपतराव म्हणाले. आवाज पडलेला, पण शब्द पक्का.

उदयसिंह पूजेकडे पाहत राहिले. तेव्हा संपतरावांनी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "पण तुमच्याकडे स्वतःची गाडी आहे ना? विठ्ठलराव सांगत होते. टॅक्सीने कशाला आलात?"

उदयसिंहांनी मिशीला हात लावला आणि छताकडे पाहिलं.

"मी सांगते," सुनयनाबाई म्हणाल्या. "गाडी पूजेत आहे. सकाळी हार घातला, नारळ फोडला, आणि म्हणाले, आता उद्यापर्यंत हिला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अहो, लोक पूजा करून गाडी चालवतात. तर म्हणे, लोक चालवतात, आपण नाही. टॅक्सीवाला गुडगावचा. यमुना ओलांडली तसा तो रामनाम घ्यायला लागला. तीन तीनदा एकाच पेट्रोलपंपावर आणलंन त्याने आम्हाला!"

संपतरावांनी उदयसिंहांकडे पाहिलं. उदयसिंहांनी संपतरावांकडे पाहिलं.

"गाडीसुद्धा?" संपतराव म्हणाले.

"हात लावायचा नाही म्हणजे नाही," उदयसिंह म्हणाले.

"बिल्कुल!" संपतराव म्हणाले, आणि दोघं म्हातारे असे हसले की तलवार पुन्हा किणकिणली. आपट्याची पानं दिली-घेतली गेली, गळाभेटी झाल्या, पुऱ्या-श्रीखंड झालं. दोघांच्या पलटणी, दोघांच्या बदल्या, दोघांचे वाईट वरिष्ठ निघाले. मैदानात रावण जळायला लागला तरी दोघांना उठवेना. सूर्यकांतकडे कुणी पाहत नव्हतं आणि त्याला फार बरं वाटत होतं.

पण निघताना दारात उदयसिंह पुन्हा सुभेदार मेजर झाले. "आवडलं घर. तरी मुलाचा विषय आहे, आम्ही घरी बसून बोलू. उद्या सकाळी फोन करून कळवतो." मग सूर्यकांतकडे वळून म्हणाले, "उचलाल ना?"

"उद्या उत्तरपूजा आहे काका!" सूर्यकांत म्हणाला.

सकाळी उजाडताच संपतरावांनी अक्षता टाकल्या, पाट हलवला, उत्तरपूजा झाली. सूर्यकांतने टॅबलेट पुसून घेतला. चार्जरच्या भोकातलं कुंकू काडीने टोकरून काढलं. चार्जिंगला लावला, सुरू झाला. त्याने तो जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सगळे भोवती बसले. चहा आला, निवला. संपतराव आधीच ताठ बसले होते, बिगुलाची वाटही न पाहता.

फोन वाजला. बाल्कनीत.

पद्मजाचा मोबाइल होता. ती उठून गेली, दोन मिनिटं बोलली, परत आली. चेहरा असा की विचारायची गरज नव्हती.

"हो म्हणाले," ती म्हणाली. "साखरपुडा दिवाळीनंतर. आणि काकांनी एक अट घातलीये."

"काय?" सूर्यकांतने विचारलं.

"यापुढची बोलणी दादाच्या फोनवर नकोत."

अलकनंदा खो-खो हसत सुटली. सूर्यकांतही हसला, मग थांबला. "पण त्यांच्याकडे तुझा नंबर कसा?"

संपतरावांनी निवलेल्या चहाचा घोट घेतला. "सूर्या, गणपतीपासून पोर रोज संध्याकाळी बाल्कनीत उभी राहून तास तास बोलते. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, घरात नेटवर्क मिळत नाही."

"म्हणून तुम्ही तिच्यासाठी तिथे खुर्ची नेऊन ठेवलीत?" अलकनंदा म्हणाली.

"हो. आणि कंपनीकडे तक्रारही केली. दोन वेळा."

"आणि काल दही?"

सूर्यकांतने खूप विचार केला. "म्हणजे, तिला दही आणायचंच नव्हतं?"

पद्मजा खाली मान घालून हसत होती. आबांना माहीत होतं, अलकनंदाला माहीत होतं, बहुधा कामवाल्या बाईंनाही माहीत होतं. सूर्यकांतला राग आला नाही. राग यायला लागणारा जोर त्याच्यात नव्हता. बहिणीचं लग्न ठरलं होतं. त्या आनंदात तो नेहमीपेक्षा थोडा कमी दमलेला होता.

मग त्याने टॅबलेट उचलला, बाहेरच्या खोलीत जाऊन बसला आणि टेलिफोन कंपनीला फोन लावला. तक्रार मागे घ्यायला हवी होती. उगाच कुणी माणूस चार मजले चढून यायचा. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी फोनवर आली. त्याने तक्रारीचं सांगितलं. तिने काहीतरी तपासलं.

"सर, हमारे सिस्टम में तो आपके यहाँ नेटवर्क शुरू से ही फुल दिखा रहा है. घर में किसी को दिक्कत नहीं होनी चाहिए थी."

"जी, किसी को नहीं थी," सूर्यकांत म्हणाला. "सिर्फ मुझ तक नहीं पहुँच रहा था."